घरची भाषा आणि अंगणवाडी : जत तालुक्यातील एका प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२४

आज प्रकल्पाची पहिली भेट झाली. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्व भागात, उमदी-संखच्या पट्ट्यात असलेली ही वस्तीवरची अंगणवाडी गेल्या वर्षी माझ्या बीटमध्ये, म्हणजे पर्यवेक्षिका म्हणून माझ्याकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या गटात, आली. पटावर तीन ते सहा वयोगटातील २७ मुले आहेत. त्यांची नावे या वहीत लिहायची नाहीत असे ठरवले असून हजेरीपटावरील क्रमांकानेच उल्लेख करीन. सेविका कवठेमहांकाळकडच्या आहेत, मराठी स्वच्छ बोलतात आणि मुलांना जीव लावतात. मदतनीस मावशी मात्र कर्नाटकातल्या चडचणच्या बाजूने लग्न होऊन इकडे आलेल्या आहेत. त्यांचा दिवस चूल, पाणी आणि झाडलोट यांतच जातो.

इथून पहिलीत जाणारी मुले महिना-दोन महिने तोंडच उघडत नाहीत, असे गुरुजींनी मार्चमध्ये सांगितले होते. म्हणून मुलांचे बोलणे कसे वाढवता येईल हा सहा महिन्यांचा विषय मी स्वतःहून घेतला. सुरुवातीच्या पाहणीसाठी एक पत्रक तयार केले आहे. त्यात स्वतःचे नाव सांगणे, नाक-कान-डोळे दाखवणे, काल काय केले ते सांगणे, तीन वस्तू मोजून देणे आणि एका वेळी दोन सूचना पाळणे अशा बाबी आहेत. आज १४ मुले तपासून झाली.

वजन, उंची आणि दंडघेरही आजच घेतले. दंडघेराची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र आणि १२.५ च्या खाली मध्यम कुपोषण दाखवते. त्यात वाद घालायला जागा नसते. माझे पत्रकही तितकेच नेमके व्हावे अशी इच्छा आहे.

क्रमांक ११ बद्दल वेगळी नोंद करते. वय तीन वर्षे दहा महिने. वडील मेंढ्या राखतात. ‘नाक दाखव’ म्हटल्यावर त्याने हाताची चार बोटे वर केली. ‘कान दाखव’ म्हटल्यावर डोळ्यावर हात ठेवला. ‘काल काय केलंस?’ असे विचारल्यावर वाकून पायाला हात लावला आणि माझ्याकडे पाहत राहिला. नाव सांगितले नाही. पत्रकावर चार फुल्या पडल्या. शेऱ्याच्या रकान्यात मी ‘सूचना समजत नाही, श्रवण तपासणी आवश्यक’ असे लिहिले.

२५ जून २०२४

उरलेली १३ मुले तपासली. गेल्या आठवड्यात कर्नाटकी बेंदूर झाल्यामुळे मुलांच्या डोक्यात बैलच होते आणि खिडकीच्या फळीवर मातीच्या बैलांची रांग वाळत होती. पुढच्या महिन्यात आपल्याकडचा बेंदूर येईल तेव्हा पुन्हा बैल करू, असे सेविका म्हणाल्या. या वस्तीला वर्षातून दोनदा बेंदूर मिळतो.

एकूण पत्रके पाहता निम्म्याहून अधिक मुले ‘बोलण्यात मागे’ ठरतात. हे प्रमाण मला अपेक्षेपेक्षा फार मोठे वाटते, पण वस्ती दुष्काळी आहे, घरी पुस्तक नाही, आईवडील दिवसभर रानात असतात, अशी कारणे मी स्वतःलाच देत घरी आले.

९ जुलै २०२४

क्रमांक ११ च्या आईला भेटले. ती डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाते. मुलाला ऐकू कमी येते का, या माझ्या प्रश्नावर ती आधी हसली आणि मग घाबरली. ‘घरात लई बोलतंय की ओ, गप म्हटलं तरी गप बसत न्हाई,’ असे ती म्हणाली. आईला आपल्या लेकराचे उणे दिसत नाही, असे मी त्या वेळी मनात म्हटले. तिचे वाक्य येथे जसेच्या तसे लिहून ठेवते.

३० जुलै २०२४

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले होते. २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा होते आणि जन्मजात व्यंग, कमतरता, आजार व विकासातील विलंब असे चार गट पाहिले जातात. डॉक्टरांनी क्रमांक ११ च्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा हळूच वाजवला, तेव्हा तो लगेच वळला. तरीही वयाच्या मानाने बोलणे नाही आणि माझी लेखी शिफारस आहे, म्हणून पूर्ण तपासणीसाठी मिरजेला जाण्यास सांगण्यात आले.

१३ ऑगस्ट २०२४

आई मुलाला घेऊन मिरजेला जाऊन आली. दोन दिवसांची मजुरी बुडाली. दोन्ही कानांची श्रवणक्षमता सर्वसाधारण असल्याचा अहवाल तिने मला न बोलता दाखवला आणि परत घडी घालून पिशवीत ठेवला.

शंका असेल तर कान तपासून घेतलेच पाहिजेत, या मतावर मी आजही ठाम आहे. बोलणे शिकण्याच्या वयात ऐकण्यातला दोष वेळेवर सापडला नाही तर पुढची कित्येक वर्षे त्याची किंमत मोजावी लागते. पण कान ठीक असतील, तर पायाला हात का लावला, हा प्रश्न शिल्लक राहिला. तो मी सेविकेशी बोलले. त्यांनाही काही सुचले नाही.

२० ऑगस्ट २०२४

आजची नोंद सविस्तर लिहिते.

सेविकेने ओढ्याकाठची काळी माती भिजवून ठेवली होती. क्रमांक ११ भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्याने मातीचा एक गोळा लांबट केला, मग खाली चार पाय लावले. मान लांब घेतली. शिंगे लावली नाहीत. यानंतर त्याने जे केले ते मी जवळ बसूनच पाहिले: अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तोंडाचा भाग धरून त्याने तो वरच्या बाजूने थोडा थोडा दाबत आणला, बोट पाण्यात बुडवून पुन्हा फिरवले, आणि कपाळापासून ओठापर्यंत कमानीसारखा एक उंचवटा तयार केला. माडग्याळी मेंढीचे नाक असेच पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते, आणि शिंगेही नसतात. बाजारात दर ठरवताना लोक त्या नाकाचा बाक पाहतात. जेमतेम चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत हे निरीक्षण उतरलेले होते.

‘हे काय आहे?’ असे मी बोट ठेवून विचारले. तो म्हणाला, ‘मूगु.’

अंगणवाडीत ऐकलेला त्याचा हा पहिला शब्द. सेविकेला वाटले, उसळ मागतो आहे. आज मुगाचीच उसळ होती. त्यांनी आत हाक मारली, ‘मावशी, ह्याला मूग द्या हो थोडे.’ मावशी वाटी घेऊन बाहेर आल्या, मातीच्या मेंढीकडे पाहिले आणि हसायला लागल्या. ‘मूग न्हाई मागत बाई त्यो. मूगु म्हंजे नाक. मेंढीचं नाक दावतोय तुमास्नी.’

मी सहज विचारले, मग कन्नडमध्ये ‘नाक’ म्हणजे काय? मावशींनी ओल्या हाताची चार बोटे वर केली. ‘नाक म्हंजे च्यार. पुस्तकात नाल्कु, आमच्यात नाक.’

मी पिशवीतून जूनचे पत्रक काढले. ‘कान’ विचारले तर डोळ्यावर हात का ठेवला असेल? ‘कण्णु म्हंजे डोळा.’ आणि ‘काल काय केलंस’ यावर पायाला हात? मावशी आता जमिनीवर बसल्या. ‘काल म्हंजे पाय. कै म्हंजे हात. तुमी त्याला पाय-हात म्हनलासा, त्यानं पायाला हात लावून दावला. अजून काय करावं पोरानं?’

या मुलाने मला तीन प्रश्नांची तीन उत्तरे दिली होती आणि तिन्ही बरोबर होती. त्याने प्रत्येक शब्द नीट ऐकला, त्याचा आपल्या घरच्या भाषेतला अर्थ लावला आणि सांगितले ते तत्परतेने केले. ‘सूचना समजत नाही’ हा शेरा त्याच्या नावापुढे असला तरी लागू मला होत होता. मिरजेच्या दोन दिवसांची मजुरी त्याच शेऱ्यामुळे गेली.

एक वर्ष मी या अंगणवाडीत येते आहे. मावशी स्वयंपाकघरात आहेत आणि त्यांना कन्नड येते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पाहणी करताना त्यांना बाहेर बोलवावे असे एकदाही मनात आले नाही.

२१ ऑगस्ट २०२४

सर्व २७ पत्रके मावशींना शेजारी बसवून पुन्हा पाहिली, आणि ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्या मुलांना मावशींनीच प्रश्न विचारले. बहुतेक फुल्या पुसल्या गेल्या. ज्या मुलीला मी ‘एका शब्दात उत्तर देते’ असे लिहिले होते, तिने मावशींना शेळी कशी व्याली याची हकीकत सांगितली. ती संपेना, तेव्हा मावशींनीच तिला थांबवले.

परंतु क्रमांक १९ च्या फुल्या पुसल्या गेल्या नाहीत. ही मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. मावशींशी कन्नडमध्ये बोलतानाही ती दोन शब्दांपलीकडे जात नाही, आवाजाच्या दिशेने उशिरा वळते, आणि घरीही असेच असल्याचे तिच्या आजीने सांगितले. म्हणजे जिला खरोखर मदतीची गरज होती, ती ‘कन्नड घरातली आहेत, म्हणून बोलत नाहीत’ या सर्वसाधारण समजुतीखाली झाकली गेली होती. दोन भाषांमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या विकासात खरा विलंब असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो; केवळ नव्या भाषेत दिसत असेल तर तो विलंब नसून शिकण्याचा काळ असतो. हे प्रशिक्षणात ऐकलेले होते. एकाच पाहणीत दोन्ही प्रकारच्या चुका माझ्या हातून झाल्या, हे मात्र आज कळले. क्रमांक १९ ची शिफारस पथकाकडे पाठवली.

२७ ऑगस्ट २०२४

कपाटातील कागद काढून वाचले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घरच्या भाषेतून शिकवावे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि आपल्या ‘अंगणवाडी’ची कल्पना तेथूनच आली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. म्हणजे योजना सुरू होण्याच्या तीस वर्षे आधी या दोघी मुलांच्या अंगणात बसल्या होत्या. आमची अंगणवाडी मुलांच्या अंगणापर्यंत पोहोचली आहे. दाराशी बोलली जाणारी भाषा आत येऊ द्यायची राहिली.

येथे एक गोष्ट लिहून ठेवते. जत तालुक्यात भाषेचा विषय काढला की लोक सीमावादावर येतात. त्याच्याशी या वहीला काही कर्तव्य नाही. चार वर्षांच्या मुलाला राज्य माहीत नसते. त्याला आई कोणत्या शब्दाने पाणी देते ते माहीत असते.

३ सप्टेंबर २०२४

मावशींना गोलात पुढे बसवण्याचा प्रस्ताव मांडला. त्या आधी नाहीच म्हणाल्या. ‘मॅडम, मी सातवी शिकलेली. मी काय शिकवनार? आनि खिचडी कोन बघंल?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणे अधिक कठीण होते. शेवटी असे ठरले की सकाळी पहिला अर्धा तास मावशी मुलांबरोबर बसतील आणि तेवढ्या वेळात सेविका तांदूळ-डाळ निवडून कुकरची तयारी करतील. सेविकेने हे लगेच मान्य केले, याचे मला कौतुक वाटले. प्रत्येक ठिकाणी असे होईलच असे नाही.

मावशींनी पहिली गोष्ट निवडली ती कागक्का-गुब्बक्काची. ऐकता ऐकता सेविकेचे डोळे मोठे झाले, कारण कागक्का म्हणजे आपला काऊ आणि गुब्बक्का म्हणजे चिऊ. पावसात भिजलेला कावळा दार वाजवतो आणि चिमणी आतून सबबी सांगत राहते, ती तीच गोष्ट. दोन्ही बाजूंच्या आज्यांनी ती आपापल्या भाषेत पोसलेली आहे.

योजना अशी की सोमवारी मावशींनी कन्नडमध्ये गोष्ट सांगायची, मंगळवारी सेविकेने तीच मराठीत, आणि दोन्ही दिवशी वस्तू त्याच वापरायच्या: शेणाची गोवरी, एक लाकडी पाट दार म्हणून, आणि कापडाचे दोन पक्षी.

२४ सप्टेंबर २०२४

पहिले दोन आठवडे योजना फसली.

सेविकेला वाटले की एकाच बैठकीत दोन्ही भाषा आल्या तर वेळ वाचेल. म्हणून मावशी एक वाक्य कन्नडमध्ये म्हणत आणि सेविका लगेच तेच मराठीत. परिणाम असा झाला की मराठी घरातली मुले मावशी बोलत असताना एकमेकांना ढोसत राहिली आणि कन्नड घरातली मुले सेविका बोलू लागताच खिडकीबाहेर पाहू लागली. आपली भाषा पुढच्या क्षणी येणारच आहे हे कळले की दुसरी ऐकण्याचे कारणच उरत नाही. मोठी माणसेही सभेत भाषांतर चालू असताना असेच करतात.

गेल्या सोमवारपासून पुन्हा वेगवेगळे दिवस ठेवले. आज मराठीचा दिवस होता. सेविकेने पाटावर टकटक केली आणि त्या थांबल्या. मी त्यांना सांगून ठेवले होते की प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा, तोपर्यंत दुसरा प्रश्न विचारू नका आणि उत्तरही स्वतः देऊ नका. ती शांतता आम्हा मोठ्यांनाच असह्य होते. चारपर्यंत मोजून झाले असेल, तेव्हा क्रमांक ११ म्हणाला, ‘चिऊ, बागिल उघड.’ बागिल म्हणजे दार. चिऊ मराठी, दार कन्नड, उघड पुन्हा मराठी. सेविका माझ्याकडे पाहू लागल्या. चूक सुधारायची का, असे त्यांच्या नजरेत होते. मी मान हलवून नको म्हटले. दोन भाषा एका वाक्यात आणणे हा गोंधळ नसतो. मुलाला वाक्य पुरे करायचे असते आणि हाताशी येईल तो शब्द तो वापरतो. सेविकेने फक्त गोष्टीतल्या चिमणीच्या आवाजात उत्तर दिले, ‘थांब, दार उघडते, पण माझ्या बाळाला अंघोळ घालू दे.’ दार हा शब्द तिथे त्याला ऐकायला मिळाला आणि त्याचा अपमानही झाला नाही.

१ ऑक्टोबर २०२४

मोजणीबद्दल. क्रमांक ४ हा मराठी घरातला मुलगा एक ते पन्नास एका दमात म्हणतो आणि पाहुण्यांपुढे त्याला नेहमी उभे केले जाते. आज त्याला पाच चिंचोके मागितले, तर त्याने मूठ भरून दिले. क्रमांक ११ ने प्रत्येक चिंचोका बोटाने बाजूला सारत ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, न चुकता मोजले. कळपात कोकरू कमी पडले तर काय होते हे त्याने घरी पाहिलेले आहे. सेविकेने त्यालाच मराठीत मोजायला सांगितले, तेव्हा तो चिंचोक्यांकडे न पाहता ‘एक, दोन, तीन, पाच’ असे म्हणून मोकळा झाला.

संख्या त्याला कळलेली आहे. राहिली आहेत ती फक्त संख्यांची मराठी नावे, आणि ती महिनाभराचे काम आहे. क्रमांक ४ ला नावे पाठ आहेत, संख्या अजून यायची आहे, आणि ते काम अधिक लांबचे आहे. पत्रकात मात्र जूनमध्ये याच्या उलट खुणा झाल्या होत्या. तीन वस्तू मोजण्याच्या बाबीत क्रमांक ४ ला मी न तपासताच बरोबरची खूण दिली होती, हेही येथे मान्य करते.

८ ऑक्टोबर २०२४

पालकसभा झाली. हजेरी चांगली होती, कारण सभेनंतर शिधा वाटायचा होता.

एका वडिलांनी उभे राहून विचारले, ‘कन्नड घरात बोलतंयच की पोरगं. हितं पण कन्नडच शिकवायचं, तर मग अंगनवाडीत कशाला धाडायचं? मराठी शिकवा, न्हाईतर इंग्रजी शिकवा.’ त्यांचा थोरला मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीत दोन वर्षे बसला होता. म्हणजे हा प्रश्न त्यांच्या अनुभवातून आला होता आणि त्याला धोरणातला परिच्छेद वाचून दाखवणे शोभले नसते. मी त्यांना समोर बसवून चिंचोक्यांचा प्रसंग करून दाखवला. मग एवढेच म्हटले की मराठी शिकवायचीच आहे. पण घरच्या भाषेत जे आधीच कळलेले आहे त्याला नवे नाव देत गेलो तर मूल लवकर शिकते, आणि जे कळलेले आहे तेच नाकारले तर ते गप्प बसते. ते पटल्यासारखे दिसले नाहीत. ‘बघू पहिलीत काय करतंय ते,’ असे म्हणून बसले. माझ्या मते हे रास्त आहे.

दुसरी तक्रार उलट दिशेने आली. एका मराठी घरातल्या आईने सांगितले की तिची मुलगी आता पाण्याला ‘नीरु’ म्हणते आणि आजीला ‘बा, कूडु’ असे म्हणून बसायला सांगते. सभेत हशा झाला. तिच्या सासूबाईंना मात्र ते मनापासून आवडलेले होते, असे तिनेच नंतर दारात सांगितले.

क्रमांक १९ च्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेले निघाले असून उपचार सुरू झाले आहेत. आजी मुलीला वेळेवर नेते.

२६ नोव्हेंबर २०२४

दिवाळी आणि त्यानंतर निवडणूक यांत पाच आठवडे गेले. सेविकेलाही मतदान केंद्रावर काम होते. भेट देता आली नाही.

आज आले तर क्रमांक ११ ची जागा रिकामी होती. मेंढ्या कृष्णाकाठी उतरल्या. पावसाळा सरला की चाऱ्यासाठी कळप पश्चिमेला जातात, ऊस तुटलेल्या रानात मेंढरे बसवून शेतकऱ्याला खत देतात आणि मेंढपाळाला धान्य-पैसा मिळतो. सगळे घर बरोबर जाते. मुलगा आता पलूसच्या बाजूला असल्याचे कळले. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर स्थलांतराची नोंद करता येते, तशी सेविकेने केली, म्हणजे आहार चालू राहील. पण त्या नोंदीत वय, वजन आणि उंची जाते. मूल काय बोलते ते जात नाही.

म्हणून एक कार्ड तयार केले. पुठ्ठ्याच्या एका बाजूला मावशींनी सांगितलेले शब्द सेविकेने देवनागरीत लिहिले:

‘हा मुलगा घरी कन्नड बोलतो. ऐकू नीट येते, तपासणी झालेली आहे. नाक म्हणजे चार. नाकाला तो मूगु म्हणतो. काल म्हणजे पाय, कै म्हणजे हात. दहापर्यंत वस्तू मोजतो, कन्नडमध्ये. काऊ-चिऊची गोष्ट त्याला दोन्ही भाषांत येते. माती द्यावी.’

शेवटचे दोन शब्द मावशींचे. कार्ड त्याच्या चुलत्याबरोबर पाठवले आणि त्या गावच्या सेविकेला फोन करून कल्पना दिली.

१७ डिसेंबर २०२४

पत्रकाची दुरुस्ती पूर्ण केली. आता प्रत्येक बाबीपुढे दोन रकाने आहेत, एक घरच्या भाषेचा आणि एक मराठीचा. फुली मारण्याआधी ‘मुलाने नेमके काय केले’ हे शब्दांत लिहायचे, अशी सूचना वर घातली आहे. जूनमध्ये मी ‘चार बोटे वर केली’ असे या वहीत लिहिले म्हणून ऑगस्टमध्ये त्याचा उलगडा होऊ शकला. पत्रकावर नुसती फुली होती, आणि फुलीवरून काहीच उलगडले नसते. बीटमधील आणखी चार अंगणवाड्यांत हे पत्रक जानेवारीपासून वापरून पाहणार आहोत. त्यांपैकी दोन ठिकाणी कर्मचाऱ्यांत कन्नड येणारे कोणीही नाही. तेथे आज्यांना बोलवावे लागेल, आणि त्यांच्या वेळेचे मानधन कोठून द्यायचे हा प्रश्न आजतरी सुटलेला नाही.

७ जानेवारी २०२५

दुपारी पलूसकडच्या सेविकेचा फोन आला. आवाजात काळजी होती. ‘मॅडम, तुमच्या कार्डाप्रमाणे सगळं बघते मी. पोरगं मोजतंय, मातीत रमतंय. पण एक त्रास आहे. दिवसातनं धाधा वेळा “ओले, ओले” म्हणतं. मी दरवेळी चड्डी बघते, तर कोरडी असती. दोनदा तर मी उगाच बदलली पण. लघवीची काय तक्रार असंल का? डॉक्टरला दाखवू का?’

मला उत्तर माहीत नव्हते. सहा महिन्यांत मी पन्नासेक कन्नड शब्द शिकले आहे, त्यांत हा नव्हता. मी योगायोगाने अंगणवाडीतच होते. ते कधी म्हणतो, एवढेच मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘लापशी वाढायला गेलं की. झोपा म्हटलं की. आता चड्डी बदलायला घेतली, तर लईच ओरडला.’

मी फोन मावशींच्या कानाला लावला. त्यांनी सगळे पुन्हा ऐकून घेतले, पदर तोंडाला लावला आणि कशाबशा म्हणाल्या, ‘अवो बाई, ओले न्हवं, ओल्ले. ओल्ले म्हंजे नको.’

कार्डाची दुसरी प्रत वहीत चिकटवलेली आहे. तिच्यावर हा शब्द वाढवला.